२०५० सालावर हरकत

आमच्या गावात २०५० साल वेळेच्या बरंच आधी आलं आणि ते मीच आणलं. नांदेडहून, नायगावच्या एसटीत, गुंडाळी करून, दोन्ही हातांनी छातीशी धरून. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात? नवरीचा फोटू?" मी म्हणालो, गावाचा नकाशा आहे, पंचवीस वर्षांनंतरचा. "आसं," म्हणून त्यानं पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं. एवढ्या मोठ्या गोष्टीची एवढी कमी कदर मला फार लागली. मी तसा पटकन लागून घेणारा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी नांदेडला जमीन-नियोजनाच्या एका प्रकल्पात कंत्राटी नोकरीला आहे. काम नकाशांचं. कॉम्प्युटरवर उपग्रहाचा फोटो घ्यायचा, त्यावर मातीचा थर ठेवायचा, मातीवर उताराचा, उतारावर विहिरी-बोअरचा, सगळ्यांच्या वर पावसाचा. भाकरीची चवड लावावी तसे थर. मग सॉफ्टवेअरला विचारायचं, हे असंच चालू राहिलं तर पंचवीस वर्षांनी काय होईल? थोडं शहाणपण केलं तर? आणि सगळ्यांनीच केलं तर? ते तीन वेगळी उत्तरं देतं, रंगांत. ऑफिसात त्याला सिनॅरिओ म्हणतात. 'हे भविष्य नव्हे' हे वाक्य साहेबांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. असं केलं तर तसं होईल, एवढंच नकाशाचं म्हणणं असतं.

पहिल्या गावांच्या यादीत आमचं गाव घालण्यात माझा हात होता. नायगाव आणि उमरीच्या मधलं हे गाव सुधारावं, हे एक कारण. गावानं मला एकदा ग्रामसभेत खुर्ची द्यावी, हे दुसरं. दुसरं जास्त खरं.

खुर्ची मिळाली. मी तासभर बोललो. निळा म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे चांगलं रान, पिवळं म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे पाणी संपलं, राखाडी म्हणजे घरं आणि प्लॉट. पहिल्या नकाशात, म्हणजे ऊस आणि बोअर आहेत तसेच चालले तर, गावाचा वरचा सगळा उतार लाल. दुसऱ्यात निम्मा पिवळा. तिसऱ्यात उताराला आडवे दगडी बांध घातले होते, बरड, हलक्या रानावरचा ऊस काढून तूर-ज्वारी घेतली होती, ओढ्याच्या कडेनं झाडं लावली होती, आणि तो बराचसा हिरवा होता. लोकांनी शांतपणे ऐकलं. त्या शांततेचा अर्थ मी समजूतदारपणा असा लावला. ते चहाची वाट बघत होते.

सभा संपल्यावर सरपंच म्हणाले, "तीन-तीन कशाला लावायचे? मानसाचं डोस्कं फिरंल. एकच लावू." आणि त्यांनी पहिला, लाल, उचलला. का, तर "ह्यो लई उठून दिसतो, रस्त्यावरनं बी दिसंल." मी म्हणालो, अहो, तिन्ही एकत्र पाहिले तरच त्याला अर्थ आहे. त्यावर त्यांनी मला भिंत दाखवली. भिंतीला खिळा एकच होता. उरलेले दोन नकाशे मी रागारागानं घरी आणून टाकले. मायनं त्यातला एक लगेच कापून फडताळात डब्यांखाली अंथरला. दुसरा कुठं गेला हे मी विचारलंही नाही.

तीन नकाशे लागले असते तर लोक म्हणाले असते, बघू, यातलं काय जमतंय. एकच लागला, म्हणून तो निकाल झाला. आणि पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला की मुदतीत हरकत घ्यायची असते, नाहीतर जे चढलं ते कायमचं चढलं, एवढा कायदा आमच्याकडं शेंबड्या पोरालाही येतो. आठ दिवसांत ग्रामसेवकांकडं अर्ज सुरू झाले. त्यांनी प्रत्येकावर आवक शिक्का मारला आणि बत्तीस हरकतींचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "भविष्य तुमच्या खात्याचं हाय," म्हणाले.

पहिलीच हरकत अशी होती: 'सदर गटातील माझे शेत २०५० साली लाल दाखविले असून हा रंग भावकीच्या सांगण्यावरून टाकण्यात आला आहे. तरी माझे हिरवे करून भावकीचे लाल करावे, ही नम्र विनंती.' त्याच गटातल्या भावकीचा अर्ज त्याच्या खालीच होता, शब्द जवळपास तेच. रस्त्याला लागून रान असलेल्या सात जणांना हिरवं नकोच होतं. त्यांना राखाडी पाहिजे होतं, म्हणजे प्लॉट पाडता येतील. त्या सात जणांची जमीन गावातली सगळ्यात काळी, सगळ्यात कसदार. ती राखाडी होऊ नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. तलाठी माझ्याशी बोलेनासे झाले, कारण लोक त्यांच्याकडं जाऊन म्हणत होते, "आजचा सातबारा ऱ्हाऊ द्या, पन्नास सालचा काढा."

एका आजीनं अर्ज केला नाही, ती स्वतःच आली. "बाबा, पन्नास साली मी काही नसंन. पन वावर लेकीच्या नावावर करून ठिवलंय. तिथं जरा पानी दाखव."

मी म्हणालो, "आजी, मी दाखवून पाणी येत नसतं."

"मंग कुनी दाखवल्यावर येतं?"

मी तिला परत एकदा रंग समजावून सांगितले. ती ऐकून घेऊन निघून गेली.

इथपर्यंत मला हसू येत होतं. संध्याकाळी नांदेडच्या खोलीवर मित्रांना हरकती वाचून दाखवायचो. मग पावसाळा आला, गेला, आणि हे प्रकरण आमच्या घरात शिरलं.

आमचं वावर त्या लाल उतारावरच आहे, अगदी वरच्या अंगाला. ते कसतो माझा मोठा भाऊ. दादाला तोवर अकरा ठिकाणी पोरी पाहून झाल्या होत्या. अकराही ठिकाणांहून एकच निरोप, मुलगा चांगला आहे, पण नोकरी असती तर. मी सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर जगणारा, पण कॉम्प्युटरवर बसतो म्हणून मला न मागता स्थळं सांगून येत. आणि दादा, ज्याच्या राबण्यावर माझं नांदेडचं शिक्षण झालं, तो कार्यक्रमात बशीतले पोहे संपवून स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत बसायचा. एक अक्षर बोलायचा नाही. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटायची.

बारावं स्थळ मामानं आणलं, लातूरचं. मुलीच्या वडलांचं तिथं मोटार-पाइपचं दुकान, गावाकडं थोडी शेती. माय आणि वडील, म्हणजे आमचे आबा, जाऊन मुलगी बघून आले, दोन्हीकडं पसंती झाली. आता रीतीप्रमाणं त्यांनी आमचं घर आणि शेत बघायला यायचं राहिलं होतं. त्या आठवड्यात मामाचा फोन आला. "पाव्हण्याला कुनीतरी सांगितलंय, तुमच्या गावात पन्नास सालचा नकाशा लागलाय म्हून. ते म्हन्ले, शेतासंगं तो बी बघू."

आबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ते माझ्याकडं बघायला लागले. लहानपणी चिंच पाडताना माझ्या हातून शेजाऱ्याचं कौल फुटलं होतं, तेव्हा ते असंच बघत होते.

"कुनी केला ह्यो नकाशा?"

"मी."

"मंग तूच कर हिरवं."

मी घोकलेलं सगळं सांगितलं. हे भविष्य नव्हे, आबा. हे शास्त्र आहे. एका वावराचा रंग मनानं बदलता येत नसतो. आबा म्हणाले, "चार बोअर मारले, तीन कोरडे गेले, तवा तुझं शास्त्र कुठं गेलतं? आता भाऊ लग्नाचा ऱ्हायला तर येतंय व्हय शास्त्र?" माय ज्वारी निवडत बसली होती. ती सुपातून मान वर न करता एवढंच म्हणाली, "बारावं हाय रे हे."

शास्त्राचा पाडाव तिथंच झाला. माऊसच्या चार क्लिकमध्ये मी आमचं वावर हिरवं केलं. साहेबांना हे मी कधी सांगितलं नाही. साहेब, हे वाचत असाल तर माफ करा. पण ते दिसायला फार वाईट दिसत होतं. सगळा उतार लालभडक आणि मधोमध एकच पोपटी चौकोन, काळ्या सदऱ्याला पोपटी ठिगळ लावल्यासारखा. नांदेडात वजिराबादला प्रिंट काढायला गेलो तर दुकानदारानं मशीन थांबवली. "भाऊ, एवढाच डब्बा हिरवा कसा येऊन राहिला? शाई बदलू का?" मी म्हणालो, राहू द्या, तिथली माती वेगळी आहे. इतकं खोटं मी आयुष्यात सलग कधी बोललो नव्हतो.

रविवारी सकाळी लातूरची गाडी आली. मुलीचे वडील, मामा, आणि आमच्या गावात पहिल्यांदाच असं घडलं, खुद्द मुलगी. शेत बघायला मुलगी येते का कधी? गल्लीतल्या बायका आपापल्या दारात एकदम झाडायला निघाल्या. मुलगी कुणाकडं न बघता सरळ आत आली आणि मायच्या शेजारी बसली. पोहे झाले, चहा झाला. दादा गुडघे बघत होता. आबांनी खाकरून माझी गुंडाळी सोडली आणि सतरंजीवर पसरली.

"हे बघा पाव्हणं. पन्नास साल. ह्यो हिरवा चौकोन आपला."

पाहुण्यांनी चष्मा लावला. चौकोनावर बोट ठेवलं. मग खिशातून मोबाइल काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि नकाशाशेजारी ठेवला. येताना ते आधी पंचायतीवर थांबले होते. भिंतीवरच्या लाल नकाशाचा स्वच्छ फोटो त्यांनी काढून आणला होता.

"ह्यात लाल हाय," ते शांतपणे म्हणाले.

"तो जुना हाय," आबा म्हणाले.

"जुना कसा? दोन्ही पन्नास सालचेच न्हवं का?"

"ह्यो... सुधारित."

सगळे माझ्याकडं वळले. मी तोंड उघडलं आणि डेटा, अपडेट, रिझोल्यूशन असे काही शब्द बाहेर पडले. ते एकमेकांना जोडून वाक्य होईना. मामा छताच्या पत्र्यांकडं बघू लागला. मला त्या सतरंजीखाली जावंसं वाटलं. बारावं स्थळ माझ्या चार क्लिकनं घालवलं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात आवाज आला. दादाचा. त्याचा आवाज कार्यक्रमात कुणी ऐकलेला नसल्यानं आधी कळेचना कोण बोललं.

"लालच हाय ते. बोअर एप्रिलला तासभर बी चालत न्हाई. भावानं माझ्यासाठी हिरवं केलं, त्याला काही म्हनू नका." एवढं बोलून तो परत गुडघ्यांकडं गेला.

आतून एक भांडं पडल्याचा आवाज आला, तेही माझ्यासाठीच पडल्यासारखं वाटलं. मग पाहुणे उठले. "चला, वावर बघू." मला वाटलं, आता ही नुसती रीत पुरी करायची.

शेतातल्या पत्र्याच्या खोलीला आमच्याकडं आखाडा म्हणतात. मी तिथं दोन वर्षं गेलो नव्हतो. नकाशात मात्र रोज जात होतो, वरून. आखाड्याजवळ पोचलो तर चढाला आडव्या, दगडांच्या कमरेएवढ्या उंच चार रांगा होत्या. वरच्या पट्ट्यात ऊस नव्हता, तूर उभी होती. मी आबांना हळूच विचारलं, हे काय?

"जनावरं शिरू नये म्हून रचून राहिलो, म्हन्ला तुझा दादा," आबा म्हणाले. "उसाचं बी म्हन्ला, बेनं मिळालं न्हाई."

मुलगी आखाड्याच्या आत गेली होती. तिनं हाक मारली नाही, पण आम्ही सगळे तिच्या मागे गेलो. आत, खताच्या पोत्यांच्या वर, पत्र्याला तारेनं बांधलेला माझा तिसरा नकाशा होता. हिरवा. घरातून हरवलेला. चिखलाचे ठसे उमटलेले, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. मी त्यावर सतरा बांध आखले होते. त्यातल्या चार रेघांवर पेन्सिलीनं फुल्या होत्या.

"ह्या फुल्या कशाच्या?" तिनं विचारलं.

"जे झाले त्याच्या," दादा म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला. दगड कुठून आणले, पहिला बांध कसा वाहून गेला, दुसऱ्याला पाया किती खोल घेतला, मागच्या पावसात तिसऱ्यामागं चार दिवस पाणी कसं उभं राहिलं. अकरा कार्यक्रमांचं साठलेलं एका दमात बाहेर आलं. ती मध्ये मध्ये विचारत होती, "दगड पुरले का? एकट्यानंच उचलले?" तो म्हणाला, हाव. मी दाराशी उभा होतो. सगळ्या गावाला मी तासभर भाषण दिलं होतं, बत्तीस जणांनी हरकती घेतल्या होत्या, आणि एकानं नुसता नकाशा वाचून दगड उचलले होते. तो माझ्याच घरात राहत होता आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मला तिथं रडू आलं. मी पोती मोजायचं नाटक केलं.

बाहेर आल्यावर आबांनी धीर करून विचारलं, "पाव्हणं, मंग आमच्या लालाचं काय?"

पाहुणे बांधावर टेकले. "माझं पाइपचं दुकान हाय. गिऱ्हाईक दरसाली दोन पाइप जास्त नेतं. जमीन कुठपतुर कोरडी झाली, ते मला तुमच्या पोराच्या कॉम्प्युटरच्या आधी कळतं." हे मला लागलं, पण ती वेळ लागून घ्यायची नव्हती. ते पुढं म्हणाले, "अन् पाव्हणं, तुमचं पन्नास साल आम्ही कवाच बघून बसलो हाव. लातूरला रेल्वेनं पानी आलं तवा ही दहावीला व्हती. टँकरच्या रांगेत घागर ठिवून तिथंच पुस्तक वाचायची. लालाला भ्याचं म्हन्लं तर लातूरची पोरगी कुनी केलीच नसती."

"मंग नकाशा कशाला बघायचा म्हन्ले?"

"दाखवता का लपवता, ते बघायचं व्हतं."

आबांची मान खाली गेली. "आम्ही लपवला."

"हाव, तुम्ही लपवला. पोरानं दाखवला." पाहुणे उठून कपडे झटकत म्हणाले, "पोरगी पोराला द्यायची हाय, तुम्हाला न्हाई."

आबा एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नाहीत. कुणी एवढं तोंडावर बोलल्यावर ते एरवी ताटावरून उठले असते. जाताना पाहुण्यांनी माझा खोटा नकाशा मागून घेतला. तो आता लातूरच्या दुकानात मोटारींच्या वर लावलेला आहे. पोपटी चौकोनावर बोट ठेवून ते गिऱ्हाइकांना सांगतात, "हे आमच्या जावयाचं वावर." गिऱ्हाइकं विचारतात, एवढंच हिरवं कसं? त्यावर ते काय सांगतात हे मला माहीत नाही. सरपंचांनीही पुढं भिंतीला आणखी दोन खिळे ठोकले आणि माझ्याकडून नवे प्रिंट मागवून तिन्ही नकाशे लावले, पण ते लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांनी चिमटा काढल्यावर.

लग्न वैशाखात झालं. पावसाळ्यात मी घरी आलो तेव्हा वहिनीनं माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. वर कडक सरकारी अक्षरात 'हरकत' असं लिहिलेलं. मला वाटलं थट्टा आहे. आत होतं: 'सदर नकाशात ओढा लिंबाच्या डाव्या अंगाने दाखविला आहे. प्रत्यक्षात पाणी उजव्या अंगाने येते. नकाशाप्रमाणे पाचवा बांध घातल्यास वाहून जाईल. तरी दुरुस्ती व्हावी.'

मी अर्थातच चिडलो. उपग्रहावरून मोजलेली उंची आहे म्हणालो, चुकणार नाही म्हणालो. "मंग तुमच्या उपग्रहाला घेऊन या, भाऊजी," ती म्हणाली, "आत्ता पाऊस पडूनच राहिलाय." भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन मला वावरात नेलं. ओढा लिंबाच्या उजव्या अंगानं, माझ्या सगळ्या थरांना न जुमानता, खळाळत चालला होता. दादा बाजूला उभा राहून हसत होता. त्याला हे आधीच माहीत होतं, पण मला लागेल म्हणून तो बोलला नव्हता.

बत्तीस हरकती मी फेटाळल्या होत्या. तेहेतिसावी मंजूर केली. आमचं वावर पन्नास सालच्या पहिल्या नकाशात अजून लालच आहे, ते मी परत कधी हात लावून बदललं नाही. पाचवा बांध मात्र उजवीकडं घेतला. उघाड मिळाली तसे आम्ही तिघं दगड वाहत होतो. दुसऱ्याच दिवशी माझे तळहात सोलून निघाले आणि मी कॉम्प्युटरवरचा माणूस आहे हे सगळ्या शिवाराला कळलं. त्याच दिवशी ती आजी शेजारच्या बांधावरून चालली होती. थांबली, माझ्याकडं बघितलं, बांधाकडं बघितलं.

"पानी दाखवून राहिलास व्हय?"

"हाव, आजी," मी म्हणालो, आणि हातातला दगड दादाकडं दिला.